कंपनीचा स्टिरिओ ठेवून डीएसपी: शिटी, पातळ खर्ज आणि डिकीत बसलेला डग्गा

आडवा_पाना

मंडळी, हॅचबॅकमध्ये कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ न काढता डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी पेटी) बसवला आहे. स्टिरिओच्या पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरी डीएसपीच्या हाय-लेव्हल इनपुटला जातात. तिथून आरसीए केबलने चार चॅनलचा ॲम्प (४ ओहमवर प्रत्येकी ७५ वॅट) आणि सबसाठी (सबवूफर, सगळ्यात खालच्या खर्जाचा स्पीकर) मोनो ॲम्प (२ ओहमवर ३०० वॅट). ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) आरशामागच्या त्रिकोणात, साडेसहा इंची वूफर (मधल्या-खालच्या सुरांचे) दारांत, १० इंची सब बंद डब्यात, डिकीत.

आता रडगाणं. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून बारीक शिटी येते आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाते. इंजिन बंद असलं, गाणं थांबवलं तरी सूं सूं चालूच. आवाज ४० पैकी २५ च्या वर नेला की खर्ज पातळ होतो. आणि गायक उजव्या दारात बसून गातो, तबल्याची चाट खिडकीपाशी, डग्गा मागे डिकीत. ॲपमधले तयार प्रीसेट लावून झाले, काही उपयोग नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चार_ओहम

प्रीसेट आधी पुसून टाका. ते दुसऱ्या गाडीच्या मापाने शिवलेले कपडे आहेत. तुमच्या चारही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत आणि त्यांतली शेवटचीच काय ती ट्यूनिंगची. इक्वलायझरला हात लावायच्या आधी स्टिरिओमधून नक्की काय बाहेर पडतंय ते मोजा.

स्टिरिओवर बास-ट्रेबल शून्य, बॅलन्स-फेडर मधोमध, सराउंड वगैरे बंद. 'लाउडनेस' आणि 'वेगानुसार आवाज' हे दोन्ही मेन्यूत शोधून बंद करा. मग ५० हर्ट्झ आणि ३०० हर्ट्झ अशा दोन साइन टोनच्या फायली, दोन्ही उणे १० डीबीच्या (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप), पेनड्राइव्हवर घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, टोकं एकाच चॅनलच्या प्लस-मायनसवर. व्हॉल्यूम १५, २०, २५, २८ ला दोन्ही टोनचे व्होल्ट लिहा. १००० हर्ट्झचा टोन मुद्दाम घ्यायचा नाही. साध्या मीटरचं एसी माप साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचं असतं.

जोडताना एक सावधगिरी. या स्टिरिओच्या स्पीकर आउटपुटला प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर ६ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, म्हणजे मायनस वायर ही अर्थ (गाडीच्या बॉडीची निगेटिव्ह जोडणी) नव्हे. ती बॉडीला लावायची नाही, दोन्ही बाजूंच्या मायनस एकत्र बांधायच्या नाहीत. ऑसिलोस्कोप लावणार असाल तर बॅटरीवर चालणारा, आणि एका वेळी एकच चॅनल. दोन प्रोबचे अर्थ आत जोडलेले असतात, दोन मायनसना लावले की स्टिरिओचा आउटपुट शॉर्ट.

आडवा_पाना

मोजलं. लाउडनेसचा पर्याय मेन्यूत नाहीच.
व्हॉल्यूम १५: दोन्ही टोन १.१ व्होल्ट.
व्हॉल्यूम २०: ३०० ला २.२, ५० ला १.९.
व्हॉल्यूम २८: ३०० ला ५.२, ५० ला फक्त २.४.

चार_ओहम

मग उत्तर तुमच्यासमोरच आहे. २८ ला खर्ज जवळजवळ ७ डीबीने मागे पडलाय. कंपनीने दारातले कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढेल तसा खर्ज कापायची सोय स्टिरिओतच केलेली असते. ही कात्री प्रत्येक व्हॉल्यूमला वेगळी चालते, त्यामुळे एका ठरावीक इक्वलायझरने ती भरून निघत नाही. २८ ला बरोबर केलं की १५ ला घुमायला लागेल.

उपाय एकच सरळ आहे: स्टिरिओचा व्हॉल्यूम एका आकड्यावर कायम ठेवायचा आणि आवाज डीएसपीच्या वायर्ड नॉबने कमी-जास्त करायचा. तुमच्या मापांवरून २० घ्या. तिथे कात्री जेमतेम सव्वा डीबीची आहे, ती इक्वलायझरमध्ये सहज भरते. स्टिअरिंगवरची बटणं मात्र मग शोभेची. ते पटत नसेल तर स्टिरिओ बदलणं हाच दुसरा मार्ग.

ता.क. डीएसपी जोडल्यावर स्टिरिओ एखादा चॅनल गप्प करत असेल किंवा 'स्पीकर तपासा' म्हणत असेल तर त्याला समोर स्पीकर दिसत नाहीये असं समजा. काही स्टिरिओ जोडलेला भार तपासतात. इनपुटच्या प्लस-मायनसमध्ये ४७ ओहम, ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर टाकला की बहुधा गप्प बसतात. तो तापतो, म्हणून फोममध्ये गुंडाळून ठेवू नका.

खरखर_निवारण

शिटीचं मी बघतो. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिटी म्हणजे अल्टरनेटर. पण अल्टरनेटरमध्ये दोष असतोच असं नाही. त्याची लहर प्रत्येक गाडीत असते, तुमच्याकडे तिला आत यायला वाट मिळाली आहे. ती वाट हुडकायची.

इंजिन चालू, गाणं बंद. ॲम्प बंद करून त्याच्या इनपुटमधून आरसीए काढा, ॲम्प परत चालू करा. शिटी तरीही येतेय? मग ॲम्पची स्वतःची अर्थ किंवा पॉवर. गेली? मग आरसीए परत जोडा आणि डीएसपीचं इनपुट कपलर काढा. आता येत असेल तर दोष डीएसपी आणि ॲम्पच्या मधला, नाहीतर स्टिरिओच्या बाजूचा. चालू ॲम्पमधून आरसीए उपटू नका, ट्वीटरला दणका बसतो.

अर्थ तपासताना सगळे जण ओहममध्ये मोजतात आणि '०.३ ओहम, उत्तम' म्हणतात. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. व्होल्टमध्ये मोजा: लाल टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, डीसी, आणि सब ५० हर्ट्झवर जोरात वाजत असताना. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर झकास. ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब, मग ओहम काहीही दाखवोत.

आडवा_पाना

आरसीए काढल्यावर शिटी गेली, इनपुट काढल्यावर गेली नाही. ॲम्पच्या अर्थवर ०.३१ व्होल्ट. डीएसपीची अर्थ डॅशबोर्डमागे स्टिरिओच्या अर्थबरोबर आहे, दोन्ही ॲम्पची मागच्या सीटच्या बोल्टवर.

खरखर_निवारण

सापडलं. डीएसपी एका टोकाला, ॲम्प दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या अर्थमध्ये ०.३ व्होल्टचा फरक. तो फरक आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो आणि ॲम्पला तोही संगीतच वाटतो. इनपुट काढल्यावरही शिटी राहिली ती म्हणूनच.

तिन्ही पेट्यांची अर्थ एकाच ठिकाणी आणा. सीटचा बोल्ट आणि सीटबेल्टचा बोल्ट, दोन्ही नकोत: वर रंग, थ्रेडवर लॉकिंग द्रव, आणि सीटबेल्ट हा खेळायचा भाग नाही. डिकीत जाड पत्र्याची जागा बघा, खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही याची खात्री करा. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा रंग उघड्या पत्र्यापर्यंत घासा, कॉपरची लग, दातेरी वॉशर, नट-बोल्ट कचकचून, आणि वरून रंग किंवा ग्रीस. अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड हवी. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर सेन्सरची छोटी डबी असेल तर अर्थ थेट खांबावर घेऊ नका. ती डबी चार्जिंगचा हिशोब ठेवते, तुमचा करंट तिला न दिसता जाईल.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे ना? नसेल तर बाकी सगळं सोडून आधी तो.

दर्यावर्दी

कोकणातल्यांसाठी भर घालतो. दमट हवेत अर्थचा घासलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो आणि आरसीएच्या पिना हिरव्या पडतात. 'गेल्या वर्षी ठीक होतं, आता शिटी येते' या तक्रारीचं मूळ निम्म्या वेळा तिथेच असतं. वर सांगितलेलं व्होल्टचं माप दर पावसाळ्यानंतर घ्या. आणि दार उघडलंत तर आतला प्लास्टिकचा पडदा फाडून टाकू नका. काचेवरून उतरलेलं पाणी त्याच्यामुळेच वूफरपर्यंत येत नाही.

चार_ओहम

आता सूं सूं. हा हिस्स डीएसपीच्या ॲनलॉग आउटपुटमधून येतो आणि ॲम्पचा गेन (इनपुट किती पट वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) जेवढा चढवलेला, तेवढा मोठा होतो. बहुतेक जण गेन पूर्ण चढवतात आणि ट्वीटर टोचतो म्हणून डीएसपीमध्ये उणे १० करतात. त्याने गाणं कमी होतं, हिस्स आहे तिथेच राहतो. उलट करा.

गेन असा लावा. डीएसपीमध्ये सगळं सपाट, आउटपुट लेव्हल शून्य, क्रॉसओव्हर (कोणत्या स्पीकरला कोणते सूर जातील ते वाटणारा फिल्टर) बंद. ॲम्पमधून सगळ्या स्पीकर वायरी काढलेल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण क्रॉसओव्हर बंद असताना ट्वीटर जोडलेला राहिला तर एका टोनमध्ये जळतो. स्टिरिओ २० वर, नॉब पूर्ण. शून्य डीबीचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर व्होल्ट मोजा. हवे असलेले व्होल्ट म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. वूफर: ७५ × ४ = ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट, टोन २०० हर्ट्झ. सब: ३०० × २ = ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट, टोन ५० हर्ट्झ. सब लावताना ५० हर्ट्झची मघाची सव्वा डीबी विसरू नका, ती इनपुटच्या इक्वलायझरमध्ये आधी भरून घ्या. नाहीतर ती नंतर भरलीत की सबचा ॲम्प क्लिप होईल, म्हणजे लहरीचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटेल.

ट्वीटरला ७५ वॅटची गरज नाही. २५ वॅट धरा, म्हणजे १० व्होल्ट. गेन त्यावर आणलात की हिस्स जवळपास ५ डीबीने उतरेल.

पिवळी_पट्टी

ट्वीटरच्या वायरीत ४७ मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकावा का? डीएसपी आहे म्हटल्यावर लोक हसतात.

चार_ओहम

हसू द्या. ४ ओहमवर ४७ मायक्रोफॅरॅड म्हणजे ८५० हर्ट्झच्या आसपास कट, त्याखालचे सूर अडतात. ३००० च्या क्रॉसओव्हरपासून जवळजवळ दोन सप्तकं खाली, त्यामुळे आवाजात नाव घेण्यासारखा फरक नाही. पण ॲम्प चालू होतानाचा धप्पा, चुकून लोड झालेला रिकामा प्रीसेट, क्रॉसओव्हरचा चुकलेला आकडा, या सगळ्यातून ट्वीटर वाचतो. फक्त वूफरच्या पोलॅरिटीसाठी (प्लस-मायनस सरळ जोडलेत ना हे बघायला) दीड व्होल्टचा सेल लावून कोन पुढे येतो का बघतात, तो प्रयोग ट्वीटरवर करू नका.

गणिती_गवळी

क्रॉसओव्हर आणि डिलेवर (जवळच्या स्पीकरला मुद्दाम लावायचा उशीर) लिहितो. सुरुवातीला लिंकविट्झ-रायली या प्रकारचा फिल्टर, उतार २४ डीबी प्रति सप्तक. ट्वीटर ३००० च्या वर, वूफर ७५ ते ३०००, सब ७५ च्या खाली. ट्वीटरचा कट त्याच्या रेझोनन्सच्या (तो आपणहून घुमतो त्या वारंवारतेच्या) निदान दुप्पट हवा. डबीवर १४०० लिहिलं असेल तर २८०० च्या खाली जाऊ नका.

डिले. सीट नेहमीच्या जागी, मान नेहमीसारखी, टेपने नाकाच्या शेंड्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत मोजा. सगळ्यात लांबच्याला शून्य. बाकीच्यांचा डिले म्हणजे सर्वांत लांब अंतरातून त्याचं अंतर वजा करून ३४.३ ने भाग. अंतर सेंटिमीटरमध्ये, उत्तर मिलिसेकंदांत. साधारण हॅचबॅकची मापं धरू:

उजवा ट्वीटर ८० सेंमी: २.६२
उजवा वूफर ९५ सेंमी: २.१९
डावा ट्वीटर १३० सेंमी: १.१७
डावा वूफर १४० सेंमी: ०.८७
सब १७० सेंमी: ०

तापलेल्या गाडीत ध्वनीचा वेग वाढतो असं म्हणून कुणी वाद घालेल. ३५ अंशाला ३५२ मीटर धरा, पहिल्या आकड्यात फरक पडतो ०.०७ मिलिसेकंद. मान अडीच सेंटिमीटर हलली तरी तेवढाच पडतो.

याने गायक उजव्या दारातून उठून डॅशबोर्डवर येईल. शिवाय एक खड्डाही भरेल: दोन्ही वूफरच्या अंतरात ४५ सेंमीचा फरक आहे, ती ३८० हर्ट्झची अर्धी लहर. डिले नसताना त्या पट्टीत डावा-उजवा एकमेकांना खातात. पुरुषी आवाजाचा भरणा तिथलाच, म्हणून तो किरटा वाटतो.

पिवळी_पट्टी

असहमत थोडासा. सबला टेपचं माप चालत नाही. आणि १२ डीबीचा उतार वापरणाऱ्यांनी एकाची पोलॅरिटी उलटी करायची असते, ते राहिलं.

गणिती_गवळी

दोन्ही मान्य. १२ डीबीच्या लिंकविट्झ-रायलीला क्रॉसओव्हरवर दोघांत १८० अंशांचा फरक, म्हणून एक उलटा. २४ ला ३६० अंश, म्हणजे दोघे परत एकत्र, कुणाला उलटवायची गरज नाही.

सब टेपपेक्षा 'लांब' ऐकू येतो, कारण डबा, फिल्टर आणि गाडीची पोकळी त्याला उशीर लावतात. डग्गा डिकीत अडकतो तो यामुळे. त्याची थाप उशिरा पोहोचते आणि कान थापेचा माग मागे लावतो. जुळवायची रीत: ट्वीटर म्यूट, वूफर आणि सब चालू, ७५ हर्ट्झचा टोन, डोक्याजवळ माइक किंवा फोनवरचा मीटर. सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा. आता पुढच्या चारही चॅनलांचा डिले एकसारखा ०.२ च्या पायरीने वाढवत जा. आवाज जिथे सगळ्यात खोल पडतो तो आकडा धरा आणि पोलॅरिटी सरळ करा. शिखरापेक्षा खड्डा शोधणं सोपं, तो टोकदार असतो. ७५ हर्ट्झची पूर्ण लहर १३.३ मिलिसेकंदांची, म्हणून ६-७ च्या पुढे शोधू नका, पुढच्याच लहरीवर जाऊन बसाल. ६० आणि ९० वरही हाच आकडा टिकतो का बघा.

एनजे_मराठी

न्यू जर्सीहून वाचतोय, इथे ड्रायव्हर डावीकडे. मापं आरशात धरून वापरली तर चालेल?

गणिती_गवळी

रीत तीच, आकडे नाहीत. स्वतःच्या गाडीत टेप लावा.

आडवा_पाना

अर्थ डिकीत एकत्र केली: ०.०४ व्होल्ट, शिटी बंद. गेन सांगितल्याप्रमाणे लावला, सूं सूं कान लावल्यावरच ऐकू येते. पुढच्या चौघांना ३.१ वाढवल्यावर खड्डा सापडला. आता ५.७२, ५.२९, ४.२७, ३.९७ आणि सब शून्य. डग्गा पुढे आला! चाट अजून किंचित उजवीकडे, आणि १३० हर्ट्झच्या आसपास पोकळ वाटतं. तिथे ६ डीबी वाढवून पाहिलं, फरक नाही.

पिवळी_पट्टी

वाढवलेले ६ डीबी काढा. ती रद्दबातल होणारी पट्टी आहे: काचेवरून, छतावरून परत आलेली लहर मूळ लहरीला खाते. मूळ वाढवली की परतणारीही वाढते. ६ डीबी म्हणजे चौपट वॅट. तिथे आधी २० लागत असतील तर ८० मागाल आणि ॲम्प ७५ लाच क्लिप होईल. इक्वलायझरने डोंगर कापा, विहिरी बुजवू नका.

यासाठी माइक हवाच. आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइक यूएसबीचा, कॅलिब्रेशन फाइलसकट, यूमिक-१ सारखा. टोक छताकडे आणि ९० अंशांची फाइल. पिंक पीरिऑडिक नॉइज (सगळ्या सुरांचा मिळून एकसारखा खरखराट), आरटीएची (वारंवारतेनुसार पातळी दाखवणारा आलेख) लांबी ६४ के, 'विंडो' सेटिंग रेक्टँग्युलर, सरासरी 'फॉरेव्हर'. डोकं जिथे असतं त्या भागात माइक हळूहळू फिरवत मिनिटभर मोजा. एकेक स्पीकर वेगळा मोजून वाचवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावलात तर गुणगुण परत येईल आणि तुम्ही पुन्हा अर्थ उकरत बसाल. ब्लूटूथवरून नॉइज पाठवला तर या मापाला चालतो, डिले मोजायला मात्र चालत नाही, त्याचा स्वतःचा उशीर स्थिर नसतो.

चाट उजवीकडे का? दोन्ही ट्वीटर वेगवेगळे मोजून एकमेकांवर ठेवा. उजवा जवळचा, तो २-३ डीबी वर असणार. आधी त्याची लेव्हल उतरवा, मग ३००० च्या वरचे उंचवटे दोघांत एक डीबीच्या फरकापर्यंत कापा. वूफरचंही ३०० पासून वर तसंच. डावा-उजवा जुळला की मध्य आपोआप सापडतो.

एकूण वक्र सपाट ठेवू नका, गाडीत तो बारीक आणि बोचरा लागतो. रस्त्याचा घरघराट खर्जच खातो, म्हणून ५० हर्ट्झला १००० पेक्षा ८ ते १० डीबी वर, १० हजाराच्या पुढे ३-४ डीबी उतार.

आडवा_पाना

उजवा ट्वीटर २.५ डीबीने उतरवला, ४२०० ला ३ डीबीचा कट. चाट आता डॅशबोर्डच्या मध्यावर. पण शेजारच्या सीटवर सगळं विस्कटतं. आणि एक नवीनच: गाडी चालू करून लगेच रिव्हर्स टाकला तर सेन्सरचे पहिले दोन-तीन टोन ऐकूच येत नाहीत.

गणिती_गवळी

शेजारच्या सीटसाठी दुसरा प्रीसेट ठेवा: पुढच्या चौघांना सारखेच ३.५, सब शून्य, दोन्ही ट्वीटरची लेव्हल सारखी. मध्य कुणालाच मिळणार नाही, पण कुणाच्या मांडीवरही गायक बसणार नाही.

खरखर_निवारण

डीएसपी सिग्नल ओळखून चालू होण्यावर ठेवलाय तुम्ही. पहिला आवाज येतो तेव्हा तो झोपलेला असतो. रिमोट वायर (चालू होण्याचा इशारा देणारी) घेऊन ती फ्यूजबॉक्समधल्या एसीसीवर (किल्ली फिरवल्यावर वीज मिळणारी लाइन) द्या आणि सेटिंग बदला. ॲम्पना रिमोट डीएसपीच्या आउटपुटमधूनच, एक-दीड सेकंद उशिराने, म्हणजे धप्पा येणार नाही. स्टार्टर मारताना एसीसी क्षणभर तुटते, तेव्हा डीएसपी परत सुरू होईल, ते चालायचंच.

आणि प्रीसेट लॅपटॉपवर सेव्ह करणं आणि डीएसपीच्या मेमरीत लिहिणं ही दोन वेगळी बटणं आहेत. दोन्ही दाबा.